‘तांबं ते तांबंच’ : वायरीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा थोडा राग आला, दुसऱ्यांदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

इतरांसाठी थोडक्यात सांगतो. आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) कारचं वायरिंग बदलताना सगळीकडे १२ गेजची (गेजचा आकडा लहान, तेवढी वायर जाड) सिलिकॉनच्या आवरणाची वायर घाला, असं मी लेखात ठोकून दिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की तांबं ते तांबंच, सिलिकॉन हा विकणाऱ्यांचा गाजावाजा आणि १/१० मापाच्या (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाच्या) गाडीला १२ गेज म्हणजे निव्वळ ओझं. तुम्ही स्वतः घरच्या वायरिंगमधून उरलेली २.५ चौरस मिलिमीटरची पीव्हीसी वायर वर्षभर वापरताय आणि काही बिघडलेलं नाही. शिवाय माझ्या फोटोत बॅटरीची वायर एवढी लांब का, असा एक चिमटाही जाता जाता काढलाय.

आधी माझी चूक. ‘सिलिकॉन वायर जास्त करंट नेते’ हे माझं वाक्य चुकीचं होतं. करंट तांबं नेतं, आवरण नाही. सिलिकॉनचं आवरण २०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, साधं घरगुती पीव्हीसी ७० पर्यंत. म्हणजे तेवढंच तांबं जास्त तापलं तरी सिलिकॉनला चालतं, म्हणून त्या वायरीवर मोठा अँपिअरचा आकडा छापता येतो. वाया जाणारी ऊर्जा त्याने कमी होत नाही. उलट तापल्यावर तांब्याचा रोध वाढतो, म्हणजे थोडी जास्तच जाते. ते वाक्य लेखातून काढलंय.

जाडीबद्दलही तुमचं बरंच पटलं. तुमची ५००० एमएएचची बॅटरी वीस मिनिटं चालते म्हणता, म्हणजे सरासरी १५ अँपिअर. बॅटरी ते इएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) जाऊन-येऊन ३० सेंटिमीटर वायर धरू. १४ गेजचा रोध मीटरला सुमारे ८.३ मिलिओहम, म्हणजे आपल्या तुकड्याचा अडीच. त्यात १५ अँपिअरला जेमतेम अर्धा वॅट जातो. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे सरासरीवरून काढलेला हा आकडा कमी येतो. हवं तर तिप्पट धरा, तरी दीड वॅटच. गाडी जागेवरून उसळताना ६० अँपिअर जात असतील, तर ०.१५ व्होल्ट वायरीत पडतात आणि ९ वॅट जातात, पण क्षणभरच. १२ गेजला हेच आकडे ०.०९ व्होल्ट आणि साडेपाच वॅट. ७.४ व्होल्टच्या बॅटरीवर सहा शतांश व्होल्टचा फरक मला तरी ट्रिगरवर ओळखता येणार नाही. तुमच्यासारख्या गाडीला १४ गेज पुरते. मोठ्या मोटरच्या, जास्त सेलच्या गाडीला मात्र मी १२ च घालेन. तुमची २.५ चौरस मिलिमीटर या दोघींच्या मधली आहे (१४ गेज २.१, १२ गेज ३.३), त्यामुळे जाडीत तुम्ही कुठेच चुकलेला नाही. आणि ‘सगळीकडे’ हा शब्द तर माझा अडाणीपणाच होता. सर्वो (चाकं वळवणारी छोटी मोटर) आणि रिसीव्हरला २२ गेजसुद्धा भरपूर होते.

पण ‘तांबं ते तांबंच’ इथे मी अडतो. रोधापुरतं ते खरं आहे. गाडीत मात्र वायर भिंतीतल्यासारखी निवांत पडून राहत नाही. ती हादरते, बॅटरी काढता-घालताना प्रत्येक वेळी वाकते, उडी मारून गाडी आपटली की झटका खाते. घरगुती लवचीक वायरीत एकेक तार साधारण पाव मिलिमीटर जाड असते. १२ गेजच्या चांगल्या सिलिकॉन वायरीत ०.०८ मिलिमीटरच्या ६८० तारा असतात, १४ गेजमध्ये ४००. तार जितकी जाड, तितका त्याच वळणावर तिच्या बाहेरच्या बाजूला ताण जास्त, म्हणजे इथे तिप्पट. तांबं एकदा वाकवून तुटत नाही, हजारदा वाकवून तुटतं.

आणि तुटतं ते नेमकं सांध्यापाशी. सोल्डर करताना तो तारांमधून केशाकर्षणाने वर चढतो. तो जिथवर चढला तिथवर वायर सळईसारखी कडक, पुढे मऊ. सगळं वाकणं त्या एका रेषेवर येतं. माझ्या एका गाडीत पीव्हीसी वायरीची मोटरकडची एक फेज (मोटरला जाणाऱ्या तीन वायरींपैकी एक) अशीच आतल्या आत तुटली होती. बाहेरून आवरण धडधाकट! गाडी निघताना नुसती थरथरायची, कधी निघायची, कधी नाही. दोन सुट्ट्या मी इएससीला शिव्या घालण्यात घालवल्या, नवीन मागवायच्या बेतात होतो. शेवटी वायर चाचपताना एका ठिकाणी बोटाला पोकळ लागलं.

पीव्हीसीची दुसरी अडचण उष्णतेची आहे. जोरात पळवलेल्या मोटरचं बाहेरचं कवच सहज ७० अंशांवर जातं. त्याला टेकलेली पीव्हीसी वायर करंट जायच्या आधीच आपल्या मर्यादेवर असते. सोल्डर करतानाही तेच. लीडवाला ६०/४० सोल्डर १८३ अंशांपासून वितळू लागतो, तोवर पीव्हीसी आक्रसून मागे सरकतं आणि उघडं तांबं दिसू लागतं.

सिलिकॉनची बाजू घेतोय म्हणून तिचा दोष लपवत नाही. ती कापली फार लवकर जाते. कार्बन फायबरच्या चेसिसची कड धारदार असते, आणि कार्बन वीजवाहक आहे हे बरेच जण विसरतात. तिथे जाळीचं वेष्टन किंवा हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) हवीच.

आता तो चिमटा. फोटोतली लांब वायर हा खरंच दोष आहे, आणि लेखात मी त्यावर अवाक्षर काढलं नव्हतं. इएससी सेकंदाला हजारो वेळा करंट चालू-बंद करतो. लांब वायरीचं इंडक्टन्स तो बदल अडवतं, व्होल्टेजचे झटके तयार होतात आणि ते सगळे इएससीच्या कपॅसिटरला झेलावे लागतात. तो तापतो, फुगतो. म्हणून बॅटरीची बाजू आखूड ठेवायची, धन-ऋण वायरी एकमेकींना चिकटवून न्यायच्या, आणि लांबी वाढवायचीच असेल तर मोटरच्या बाजूची वाढवायची. माझी वायर नऊ सेंटिमीटर कापली, नवा फोटो टाकलाय.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट, कारण तुमच्या वायरीपेक्षा मला तिची धास्ती जास्त आहे. सिलिकॉन म्हणून विकली जाणारी काही वायर आतून तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असते. रंगावरून ओळखू नका, कथिलाचा मुलामा दिलेलं अस्सल तांबंही चंदेरीच दिसतं. साध्या मल्टिमीटरला मिलिओहम मोजता येत नाहीत, पण व्होल्टेज मोजता येतं. एक मीटर वायरीतून पॉवर सप्लायने ५ अँपिअर सोडा आणि दोन टोकांमध्ये किती मिलिव्होल्ट पडतात ते बघा. १४ गेजचं तांबं असेल तर ४१ च्या आसपास, १२ असेल तर २६. १४ गेजला साठाच्या वर आकडा गेला, तर तुम्ही अॅल्युमिनियम, नाहीतर छापलंय त्यापेक्षा बारीक तांबं विकत घेतलंय.

तुमची पीव्हीसी वायर लगेच उपटून टाका असं म्हणणार नाही. फक्त मोटरच्या टोकाला, सोल्डर संपतो तिथे, दोन बोटांत धरून हलकेच वाकवून बघा. एकसारखी वळली तर चालू द्या. बिजागरीसारखी एकाच ठिकाणी मुडपली, तर सेंटिमीटरभर मागे कापून सांधा नव्याने करा, आणि काय निघालं ते इथेच लिहा.