‘माझ्याकडे चालतं’

आमच्या सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या रीडमीची, म्हणजे तो नव्या यंत्रावर कसा चालवायचा हे सांगणाऱ्या फाइलची, सुरुवातच ‘नवा लॅपटॉप दहा मिनिटांत तयार होतो’ या घोषणेने होते. माझ्या लॅपटॉपवर त्यातली पहिलीच कमांड ‘पायथन’ या प्रोग्रामिंग भाषेच्या नावापाशी अडली आणि ‘कमांड नॉट फाउंड’ असे उत्तर आले, तेव्हा मी त्या फाइलच्या कर्त्यांना बोलावले. ते येऊन खुर्चीमागे उभे राहिले आणि स्क्रीनकडे न पाहताच म्हणाले, “पाथ बघ.”

पाथ म्हणजे प्रोग्राम कोणकोणत्या फोल्डरांत शोधायचा याची क्रमवार यादी. ती ठीक होती. पायथनही तिथे होते, फक्त ‘पायथन३’ या नावाने. पायथन २ या जुन्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली आहे, आणि आताच्या अनेक यंत्रणांवर नुसत्या ‘पायथन’ नावाची कमांडच नसते, हे मी त्यांना नम्रपणे सांगितले.

“असं कसं? माझ्याकडे चालतं!” असे म्हणून ते स्वतःचा लॅपटॉप उघडाच उचलून घेऊन आले, तो माझ्या कीबोर्डवर ठेवला आणि कमांड चालवून दाखवली. “बघितलंस?”

मी बघितले, आणि त्यांच्या शेलची, म्हणजे टाइप केलेल्या कमांडा चालवणाऱ्या प्रोग्रामची, ती लपलेली फाइल उघडायला सांगितली, जिच्या नावाच्या आरंभी टिंब असल्यामुळे ती नेहमीच्या यादीत दिसत नाही. तिच्यात वर्षानुवर्षांची भर पडलेली होती: ‘पायथन’ म्हटले की ‘पायथन३’ समजावे असा अलायस, डेटाबेसचा पत्ता, आणि कशासाठी आहेत हे त्यांनाही न आठवणाऱ्या बऱ्याच ओळी.

“हे रीडमीत का नाही?”

“ते माझं पर्सनल आहे.”

“पण त्याशिवाय प्रकल्प चालत नाही.”

“माझा चालतो ना.”

यावर काय बोलणार? पुढे सेटअपची स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालवायच्या कमांडांची फाइलही अडली, कारण ती कोणीतरी विंडोजवर सेव्ह केली होती. विंडोज ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हे ठेवते, लिनक्स एकच. त्यामुळे उरलेले चिन्ह स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतल्या बॅश या शेलच्या नावाला चिकटले आणि ‘अशी फाइल नाही’ असा निरोप आला. “फाइल तर आहे,” मागून आवाज आला.

मला खरा राग येतो तो याचा, की कोऱ्या यंत्रावर रीडमी तपासून पाहणे मुळीच अवघड नाही. लॅपटॉपच्या आतच कोऱ्या यंत्रासारखा वेगळा कप्पा, म्हणजे कंटेनर, उघडून देणारे डॉकर २०१३ पासून आहे. रिकामा कंटेनर उघडून त्यात आपणच लिहिलेल्या ओळी एकदा चालवल्या, की काय राहिले ते लगेच कळते. तरीही लिहिणारा आपल्या सरावलेल्या लॅपटॉपवरून लिहितो, आणि प्रत्येक नवागताची संध्याकाळ त्यात जाते.

मी रीडमीत दुरुस्ती करून पाठवली. ‘इतर कोणालाही अडचण आलेली नाही’ असा शेरा मारून त्यांनी ती परत केली. शेजारच्या दोघांच्या लपलेल्या फाइली मी पाहिल्या आहेत. तोच अलायस दोघांकडेही आहे.