कशाकडेच न बघण्याची कला

जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरताना चेहरा कसा ठेवावा, हे कुणी शिकवत नाही. मुंबईच्या चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर तर नजर एखाद्या वस्तूवर जरा रेंगाळली की तिचा भाव चढतो. म्हणून अडकित्ता हवा असला की मी आधी कंदील निरखतो. (पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहिल्यापासून हा रोग जडलाय. सुपारी मी खात नाही.)

दुकान तीन पिढ्यांचं. आजोबा आतल्या खुर्चीत पेंगत होते, मुलगा गल्ल्यावर, नातू गिऱ्हाइकाच्या पाठीवर. नातवाने भोंगेवाला ग्रामोफोन पुढे केला. ‘‘सौ साल पुराना, साब.’’

गल्ल्यावरून दुरुस्ती आली, ‘‘डेढ़ सौ.’’

बर्लिनरने ग्रामोफोनचं पेटंट घेतलं 1887 साली, म्हणजे हा त्याच्याही आधीचा. भोंगा मात्र इतका लखलखीत, की समोर उभं राहून दाढी करावी. कायद्याने पुरावस्तू ठरायला शंभर वर्षं लागतात, इथे दहा मिनिटांत काम होतं.

मग नाणं निघालं. एका बाजूला राम-लक्ष्मण-सीता, पायाशी हनुमान. दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, 1818. त्याच वर्षी पेशवाई बुडवली, तेव्हा प्रायश्चित्त म्हणून काढलं असावं! कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही. तिच्या 1835च्या रुपयावर चौथा विल्यम आहे, आणि तो रामासारखा मुळीच दिसत नाही. मी ‘‘वा’’ म्हणून परत दिलं.

एवढं नाटक वठवून मी गल्ल्याजवळच्या पितळी अडकित्त्याकडे, जांभई देत, बोट केलं. ‘‘हा... असाच... केवढ्याला?’’

‘‘बारासौ,’’ नातू म्हणाला.

‘‘अय्या! अस्साच आमच्या आजीच्या चंचीत असायचा!’’ ही मागून किंचाळली.

‘‘अठरासौ,’’ गल्ला म्हणाला.

असल्या खरेदीला बायकोला नेऊ नये, नेलीच तर आजी घरी ठेवायला सांगावी. पुढे अर्धा तास घासाघीस झाली. दोनदा मी रुसून पायरी उतरलो. दुसऱ्यांदा तर कुणी हाकही मारेना, स्वतःच परत चढलो. अखेर चौदाशेवर आलो आणि पाकीट काढलं.

तेवढ्यात आजोबांना जाग आली. त्यांनी शांतपणे अडकित्ता उचलला, सदऱ्याच्या खिशातून सुपारी काढली, कातरली. ‘‘ये बेचने का नहीं है,’’ ते नातवाला म्हणाले. ‘‘कितनी बार बोला.’’

एक खांड त्यांनी माझ्याही हातावर ठेवलं. आम्ही ग्रामोफोनच्या भावाबद्दल बोलू लागलो.