मालक पुण्याचे, क्लब ब्लॅकबर्नचा

“म्हणजे तुम्ही पुण्याचे?” इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न गावात कुणी असं विचारलं की पुढचं वाक्य मला पाठ असतं : “मग त्यांना एकदा इकडे यायला सांगा ना.”

‘ते’ म्हणजे वेंकीजचं राव कुटुंब. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांनी ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला. तेव्हा मी पुण्यातच होतो आणि छाती फुगली होती. डॉ. बी. व्ही. राव यांनी उभ्या केलेल्या कोंबडी-अंड्यांच्या धंद्यातून पुढच्या पिढीने थेट प्रीमियर लीगमधला, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल श्रेणीतला क्लब विकत घ्यावा! पुढच्याच वर्षी तो संघ बालेवाडीत पुणे एफसीशी खेळायला आला, तेव्हा काका मला सामना बघायला घेऊन गेले होते.

हेच काका परवा फोनवर चिडले. “दरवर्षी इतका पैसा ओततात, आणि वर चाहत्यांकडून ‘चालते व्हा’ ऐकून घ्यायचं? साहेबाला आपला मालक खपत नाही, दुसरं काय!”

काकांचं म्हणणं मला झटकून टाकता येत नाही. चाहत्यांच्या रागाला कधी कधी वंशाचा वास येतो, तो मलाही आला आहे. पैसा ओतला हेही खरं. ईडीच्या चौकशीमुळे परदेशात पैसे पाठवणं अडलं, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन, बँक हमी भरून त्यांनी क्लबसाठी रक्कम पाठवली. इतका खटाटोप करणाऱ्याला क्लबची पर्वा नाही असं मी म्हणणार नाही.

पण इथे राहिल्यावर त्या रागाची मुळं दिसतात. क्लब १८७५ चा, १८८८ मध्ये फुटबॉल लीग स्थापन करणाऱ्या बारांपैकी एक. कापडगिरण्या गेल्या, क्लब राहिला. नव्या मालकांनी महिनाभरात अनुभवी प्रशिक्षक सॅम अ‍ॅलरडाइस यांना काढलं आणि स्टीव्ह कीन यांना आणलं. मे २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला. त्या सामन्यात कुणीतरी मैदानात जिवंत कोंबडी सोडली. पुण्यात आम्ही ती बातमी वाचून हसलो होतो. माझ्या शेजारचे आजोबा त्या दिवशी गॅलरीत होते. त्यांना आजही त्याचं हसू येत नाही. पुढच्या मोसमात प्रशिक्षक हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकले, त्यांच्यानंतरचे मायकेल अ‍ॅपलटन ६७ दिवस. २०१७ मध्ये संघ आणखी एक पायरी खाली, तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रशिक्षक टोनी मोब्रे यांनी वर्षभरात तो वर आणला, हे श्रेय त्यांना थांबू देणाऱ्या मालकांनाही द्यायला हवं. पण प्रीमियर लीग अजून दूरच आहे.

काका म्हणतात, मालक लांब राहतो म्हणून हा थयथयाट. तसं नाही. इथे ज्याला देव मानतात तो जॅक वॉकरही जर्सी बेटावर राहत होता. पोलादाच्या धंद्यात कमावलेला पैसा त्यानेही असाच ओतला आणि १९९५ मध्ये प्रीमियर लीगचं विजेतेपद आणलं. पण तो सामन्यांना यायचा, लोकांना दिसायचा. राव कुटुंब कित्येक वर्षांत क्लबच्या मैदानावर, ईवूड पार्कवर फिरकलेलं नाही. मोठा निर्णय झाला की त्यामागचं कारण मालकांच्या तोंडून ऐकायला मिळत नाही, हे शेजाऱ्यांचं खरं दुखणं आहे. पैशाबद्दल ते कृतज्ञच आहेत. तसं ते मला स्वतःहून सांगतात.

मग मी काकांना विचारलं, आपल्या पुणे एफसीचं काय झालं? २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, देशातल्या तेव्हाच्या अव्वल स्पर्धेत दुसरा आलेला संघ, दोनच वर्षांत गुंडाळला. भारत एफसी एक मोसम खेळून संपला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला. चार-पाच वर्षांत पुण्याचे तीन क्लब गेले आणि लक्ष्मी रोडवर निषेधाचा एक फलक लागला नाही. काका गप्प झाले. मीही तेव्हा काही केलं नव्हतं, ही बोच मला आहे. मालकाची वस्तू, त्याने ठेवली किंवा मोडली, असं आपण धरून चाललो. इथे इंग्लंडात २०२५ मध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा झाला. मालक त्या जागेला लायक आहे का हे तो तपासणार. क्लबचं चिन्ह किंवा जर्सीचे रंग चाहत्यांचा पाठिंबा नसताना बदलता येणार नाहीत. रोव्हर्सची अर्धी निळी, अर्धी पांढरी जर्सी ही गावाची मालमत्ता आहे, असंच जणू सरकारने मान्य केलं. पुण्यात असा कायदा असता तर तीन क्लब वाचले असते असं नाही, पण निदान कुणाला तरी जाब विचारता आला असता.

शेजारच्या आजोबांनी यंदाही मोसमाचा पास काढला आहे. राव कुटुंबापर्यंत निरोप पोचवायला माझी काही ओळख नाही, म्हणून तो मराठीतच इथे लिहितो : एखाद्या शनिवारी ईवूड पार्कवर या. पहिली दहा मिनिटं कठीण जातील. तरी या.