“दोन मिनिटांच्या कामाचे ४०० रुपये” या रिव्ह्यूला स्टुडिओचं उत्तर

नमस्कार ताई,

मुंजीचा अल्बम सहा दिवस उशिरा मिळाला हे खरं आहे. माफ करा, त्याला सबब नाही. पण “क्रॉप बदलायच्या दोन मिनिटांच्या कामाचे ४०० रुपये उकळले” (क्रॉप म्हणजे फोटोचा कापून ठेवलेला भाग) हे वाचून वाईट वाटलं. दांडिया बाजारात दुकान थाटून आम्ही कुणाकडून पैसे उकळत नाही.

फोटो मातृभोजनाचा. बटू आईच्या ताटातून लाडू खातोय, हनुवटीला तूप लागलंय. कडेला आजी अंधारात होत्या, म्हणून “फक्त आई नि बटू ठेवा, ८ बाय १२” हे तुम्हीच सांगितलंत. व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठाही आला. फाइल तयार झाल्यावर आजी परत हव्या, आणि साइज २० बाय ३०!

८ बाय १२ इंच म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके, म्हणजे पिक्सेल) २४०० बाय ३६०० पिक्सेल. तीच फाइल ३० इंचांवर ताणली तर इंचाला १२० पिक्सेलच उरतात. त्यात शार्पनिंग, म्हणजे कडा ठळक करणं, लहान प्रिंटच्या हिशोबाने झालेलं, मोठं केलं की शेंडीभोवती पांढरी रेघ दिसते. म्हणूनच शार्पनिंग सगळ्यात शेवटी, साइज पक्की झाल्यावर करतात. आणि कापलेल्या आजी त्या जेपेगमध्ये (तयार फाइलमध्ये) नव्हत्याच, कुठून आणणार?

मग रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ न कापलेली फाइल, पुन्हा उघडली. आधी हॉलच्या बल्बचा पिवळेपणा काढला, मग आजींची बाजू उजळली, तिथे दाणे आले ते काढले. मागची पाण्याची बाटली पुसली. मग रंग, साइज, शेवटी शार्पनिंग. २४ मेगापिक्सेलची आख्खी फ्रेम घेतली तेव्हा कुठे इंचाला २०० पिक्सेल मिळाले. आमचा मुलगा रात्री साडेअकरापर्यंत बसला होता.

४०० रुपयांचं आधी सांगायला हवं होतं, ते माझं चुकलं. यापुढे साइज लिहूनच घेऊ, वेळेचंही बघतोय.

प्रिंट आजींना आवडली असं फोनवर तुम्हीच म्हणालात. तेवढं एक वाक्य इथे आलं असतं तर बरं झालं असतं. लगीनसराईत लोक आधी स्टार बघतात, मग फोन करतात.

तुमचा पेनड्राइव्ह काउंटरवरच आहे. रविवार सोडून कधीही या.