‘तीच चप्पल चारशेला मिळते’? नाही, मिळत नाही

सांगलीत बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतोय. म्हणे, परदेशी कंपनीने आपली कोल्हापुरी सव्वा लाखाला विकली, तीच आपल्याकडे चारशेला मिळते, तेव्हा लेदरच्या डिझायनर सँडलला जास्त पैसे मोजणारी बाई फसते. शिवाय सल्ले: खरी चप्पल फक्त कोल्हापुरात, सांगली-साताऱ्याची डुप्लिकेट, करकर वाजते ती अस्सल, लायटर लावून पारखा, अस्सल चामड्याला पाण्याने काही होत नाही. मला याचा राग येतो, कारण याचा फटका कंपनीला बसत नाही, चप्पल शिवणाऱ्याला बसतो.

आधी सव्वा लाख. प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने जून 2025 मध्ये मिलानला कोल्हापुरीसारख्या त्या चपला दाखवल्या तो शो पुरुषांच्या कपड्यांचा होता. कोल्हापुरीचं नाव घेतलं नाही, त्यावर लोक चिडले ते बरोबरच होतं. पण तेव्हा त्या विक्रीला आलेल्याच नव्हत्या. पुढे डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: सुमारे 2 हजार जोड इथेच बनवायचे, किंमत सुमारे 800 युरो.

आता ते चारशे. तो जोड हातात घ्या आणि कड बघा. नख लावलं की रंगाचा पापुद्रा सुटतो, आत फोम नाहीतर दाबलेला पुठ्ठा, वर रेक्झिन. हाताने केलेल्या जोडाच्या कडेला चामड्याचे थर एकावर एक दिसतात, तपकिरी रंग आतपर्यंत असतो आणि टाका चामड्याच्याच वादीचा असतो. ते कातडं बाभळीची साल आणि हिरडा घातलेल्या पाण्यात दिवसचे दिवस मुरवावं लागतं. मग तळ कापायचा, ठोकायचा, आरीने भोकं पाडून वादी ओवायची, वर बारीक वेणी घालायची. वेणीचं काम बहुतेक घरातल्या बायकाच करतात. चारशेतून कातड्याचे आणि दुकानदाराचे पैसे गेले की त्या बाईच्या हाती काय उरणार? ज्या घरांनी पिढ्यानपिढ्या हे काम केलं आणि त्यापायी गावाचं हिणवणं सोसलं, त्यांच्याच मालाला आपण ‘एवढे कशाला’ म्हणतो. मिरजेत सतार घ्यायला गेलेला माणूस भोपळ्याचा आणि लाकडाचा भाव काढून हुज्जत घालत नाही.

डिझायनर सँडलमध्ये नावाचे पैसे असतात, हे मला मान्य आहे. पण टाचेचा पट्टा, मऊ अस्तर, हिल, प्रत्येक मापाचा वेगळा साचा, हेही फुकट होत नाही. ‘महाग का’ हे जरूर विचारा, पण कारागिराला त्यातले किती मिळाले हेही विचारा.

‘डुप्लिकेट’ हे तर साफ खोटं. कोल्हापुरी चपलेला डिसेंबर 2018 मध्ये जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं अशी सरकारी नोंद, मिळाला तो आठ जिल्ह्यांसाठी: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. बेळगाव जिल्ह्यातलं अथणी तर मिरजेहून जवळच, आणि चपलांसाठी नावाजलेलं. सांगलीत शिवलेली चप्पल नियमाने कोल्हापुरीच आहे, आणि रेक्झिनची चप्पल खुद्द कोल्हापुरात घेतली तरी रेक्झिनचीच.

करकर आवाज तळाच्या थरांत बी घालून काढतात. तो नसला म्हणून माल खोटा ठरत नाही.

लायटर तर कृपा करून लावू नका. खऱ्या चामड्यावरचं पॉलिशही जळतं आणि दुकानदाराचा जोड वाया जातो.

पाण्याचा सल्ला सगळ्यात नुकसानीचा. सालीत कमावलेलं चामडं पाणी पितं, फुगतं, आकार सोडतं. भिजलंच तर सावलीत वाळवा, उन्हात किंवा चुलीजवळ नको, ते कडक होऊन तडकतं. वाळल्यावर तेलाचा हलका हात द्या. सालीऐवजी क्रोमच्या रसायनात कमावलेलं चामडं पाण्याला थोडं जास्त टिकतं. त्याची कापलेली कड बरेचदा निळसर-राखाडी दिसते. तेही खरंच चामडं, फक्त कोल्हापुरीचं नव्हे. पावसाळ्यात रोज वापरायची असेल तर रबरी तळाची सँडल घ्या आणि कोल्हापुरी दसऱ्यापर्यंत कोरड्या जागी, कापडी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तिला बुरशी धरते.