मेंदूत चिप बसवली की लकवा बरा? त्या मेसेजबद्दल खुलासा
"मेंदूत चिप टाकली की लकवा बरा, माणूस लगेच पळतो" असा मेसेज फिरतोय, ते तसं नाहीये. मूळ संशोधनाचा पेपर मे २०२३ ला 'नेचर' या विज्ञान जर्नलमध्ये आलाय, मी वाचला. पेशंट एकच, नेदरलँड्सचा गेर्ट-यान ओस्कम, २०११ ला सायकल अपघातात मानेत मज्जारज्जूला इजा झाली, पण पूर्ण नाही. डोक्यातली इम्प्लांट्स (ऑपरेशन करून बसवलेली छोटी उपकरणं) चालायचा इरादा ओळखतात, पाठीतलं इम्प्लांट मज्जारज्जूला सिग्नल देतं. तो कुबड्या घेऊन चालतो, पळत नाही, आणि त्यामागे बरंच ट्रेनिंग आहे. खरी भारी गोष्ट म्हणजे नंतर मशीन बंद असतानाही तो कुबड्यांवर चालू शकला, मेसेजमध्ये नेमकं हेच नाही! हे अजून संशोधन आहे, यासाठी कुणाला ॲडव्हान्स देऊ नका आणि तो मेसेज पुढे ढकलू नका प्लीज.