आत्याने फेकून दिलेला अश्वगंधाचा डबा

परवा आत्याने अश्वगंधा चूर्णाचा भरलेला डबा कचऱ्यात टाकला. कारण व्हॉट्सॲपवरचा एक मेसेज: ‘अश्वगंधा आता शेतात पिकत नाही. प्रयोगशाळेत जिवाणू टोचून मुळं वाढवतात. ते जिवाणू पोटात जातात, त्यांची जनुकं आपल्या शरीरात शिरतात. आयुर्वेद संपवायचा डाव आहे.’ एमएस्सीला मी हीच मुळं वाढवली आहेत. गप्प बसवत नाही.

आत्या घाबरली ती जनुकांना. अॅग्रोबॅक्टेरियम रायझोजेनिस हा मातीतला जिवाणू. झाडाला जखम झाली की तो आपली थोडी जनुकं झाडाच्या पेशीत सोडतो आणि तिथून केसाळ मुळं फुटतात. माणसाने ही युक्ती त्याच्याकडून उचलली, इतकंच. आणि आत्या, एकादशीला तू रताळ्याचा कीस करतेस ना? 2015 मध्ये बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या आणि पेरूतल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राच्या शास्त्रज्ञांनी लागवडीखालच्या रताळ्यांचे 291 नमुने तपासले. सगळ्यांत अॅग्रोबॅक्टेरियमची जनुकं सापडली, कुणी प्रयोगशाळेत न घालता. पिढ्यान्‌पिढ्या लोक ती खात आलेत. जनुकं प्रत्येक भाजीत असतात आणि जेवणासोबत पचतात.

जिवाणू पोटात जातात म्हणे! पानाला सुईने टोचून जिवाणू लावतो, दोन दिवसांनी पान अँटिबायोटिक घातलेल्या माध्यमावर, म्हणजे पोषक जेलीवर, ठेवतो. काही आठवड्यांत जखमेवर पांढरी, लवदार मुळं येतात. त्यांची टोकं कापून पुन्हा पुन्हा नव्या माध्यमावर लावायची, जिवाणू पुरता जाईपर्यंत. एक जरी उरला तरी फ्लास्क गढूळ होतो आणि महिन्याची मेहनत फेकावी लागते. मी फेकली आहे.

बाजारातला माल? तो मुख्यतः मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरकडच्या शेतांतून येतो. पाच-सहा महिन्यांत निघणाऱ्या पिकासाठी साखर, निर्जंतुक खोली आणि चोवीस तासांची वीज कोण जाळेल?

एक मान्य करते: फ्लास्कमधलं मूळ आणि शेतातलं मूळ रसायनांत हुबेहूब नसतं. म्हणून एकाच्या जागी दुसरं डोळे झाकून वापरता येत नाही.

पण आयुर्वेद संपवायचा डाव? सर्पगंधा या औषधी झुडपाचं औषध त्याच्या मुळांत असतं. मूळ खणलं की झुडूप गेलं. रानातून ती इतकी उपसली गेली की आज तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. प्रयोगशाळेत वाढवलेल्या तिच्या केसाळ मुळांत रिसर्पिन हे तिचं रक्तदाबावरचं औषध तयार होतं, आणि त्यासाठी रानातलं एकही झुडूप उपटावं लागत नाही.